14 त्रुटींची नोटीस आली, आता सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इमारत 9 मजली आहे. खाली दुकानं, मधल्या 3 मजल्यांवर कार्यालयं, वर राहती घरं. अग्निसुरक्षेची तपासणी झाली, 14 त्रुटींची नोटीस हातात पडली आणि पूर्ततेला 30 दिवसांची मुदत मिळाली. समितीतल्या काहींचं म्हणणं असं की निम्मे मुद्दे किरकोळ आहेत, इमारत जुन्या नियमांनी मंजूर झालेली आहे आणि 3 वर्षांपूर्वीच्या तपासणीत यातलं काहीच निघालं नव्हतं. सचिव म्हणून तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: आधी काय करायचं, समितीचं म्हणणं टिकेल का आणि इमारत खरंच बंद करता येते का.

मी 20 वर्षांहून जास्त काळ अशा तपासण्या केल्या आणि अशाच नोटिसा लिहिल्या. त्यामुळे पहिली गोष्ट अगदी व्यवहाराची सांगतो. यादी क्रमांकाप्रमाणे वाचू नका. आम्ही इमारतीत ज्या क्रमाने फिरतो किंवा छापील फॉर्मवर रकाने ज्या क्रमाने असतात, त्याच क्रमाने मुद्दे उतरतात. धोक्याचा क्रम वेगळा असतो. तुमच्या यादीत संपलेल्या मुदतीचे विझवणारे सिलिंडर पहिल्या क्रमांकावर आहेत आणि जिन्याचं उघडं दार नवव्या. मी असतो तर नवव्यापासून सुरुवात केली असती.

आजच्या आज करायच्या गोष्टी तीन आहेत: सहाव्या मजल्यावर जिन्याच्या दाराखाली लावलेली पाचर काढणं, मागच्या दाराचं रात्रीचं कुलूप काढणं आणि जिन्याखालचे खोके व जुनं फर्निचर हलवणं. चौथी गोष्ट आग विझवायच्या पाण्याच्या पंपाची. तो ‘मॅन्युअल’वर, म्हणजे हाताने सुरू करावा लागेल असा, ठेवलेला आहे असं नोटीस म्हणते. त्याकडे खाली येतोच. पहिल्या तीन गोष्टींना पैसे लागत नाहीत, निविदा लागत नाही, सभेचा ठराव लागत नाही.

दाराचं एवढं काय, असं समितीत कुणीतरी नक्की विचारेल. आगीत माणसं जळण्याआधी धुराने पडतात. अमेरिकेत अंडररायटर्स लॅबोरेटरीज या सुरक्षा चाचण्या करणाऱ्या संस्थेने दोन सारख्या खोल्या शेजारी शेजारी पेटवून पाहिल्या होत्या, एकीत जुन्या पद्धतीचं लाकूड आणि कापसाचं सामान, दुसरीत आजचं फोम आणि कृत्रिम धाग्यांचं. जुन्या सामानाच्या खोलीला सगळीकडून एकदम भडकायला 29 मिनिटांहून जास्त वेळ लागला. आजच्या सामानाची खोली 4 मिनिटांच्या आत भडकली. म्हणजे आग लागली हे कळून, उठून, चप्पल शोधून, लेकरांना घेऊन जिन्यापर्यंत पोचायला तुमच्याकडे फार थोडा वेळ असतो. तेवढ्या वेळात जिना धुराने भरला तर 9 मजल्यांवरची सगळी माणसं एकाच वेळी अडकतात. गरम धूर वर चढतो आणि उघड्या दाराचा जिना त्याच्यासाठी धुराडंच होतो. 21 नोव्हेंबर 1980 रोजी लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग तळमजल्यावर लागली. 85 माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक कित्येक मजले वर होती. धूर जिने, लिफ्टचे शाफ्ट आणि डक्ट यांतून त्यांच्यापर्यंत पोचला.

म्हणून ते दार आपोआप बंद झालं पाहिजे, आणि नीट बंद झालं पाहिजे. हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही. दार पूर्ण उघडा आणि सोडून द्या. मग फक्त वीतभर उघडून सोडा. दोन्ही वेळा ते येऊन खटका आत बसला पाहिजे. दार नुसतं चौकटीला टेकून उभं राहिलं तर ते नापास, कारण आगीच्या बाजूची तापलेली हवा फुगून त्याला ढकलते आणि न बसलेलं दार उघडतं. बाजूची आणि वरची फट 3 मिलिमीटरच्या आसपास असावी. बोट शिरत असेल तर धूर शिरणारच. दार आपोआप ओढून बंद करणाऱ्या यंत्रातून, म्हणजे क्लोजरमधून, तेल गळून दारावर ओघळ दिसत असेल तर तो क्लोजर निकामी झाला आहे, तो बदलायचा.

लोक पाचर का लावतात हेही समजून घ्या, नाहीतर आज काढलेली पाचर परवा पुन्हा येईल. दार जड असतं, हातात पिशव्या असतात, जिन्यात कोंदट होतं. सहाव्या मजल्यावर ये-जा खरोखरच जास्त असेल तर मॅग्नेटिक डोअर होल्डर बसवा. तो दार उघडं धरून ठेवतो आणि अलार्म वाजला किंवा वीज गेली की सोडून देतो. लोकांची सोयही राहते आणि दारही बंद होतं. हा खर्च मी कुठल्याही नव्या सिलिंडरच्या आधी केला असता.

याच बाबतीत माझी एक चूक सांगतो. एका इमारतीत मी गेलो तेव्हा जिन्याची सगळी दारं बंद होती, खटके बसत होते. मी तसं लिहून सही केली. काही महिन्यांनी तिथल्या विजेच्या खोलीत छोटी आग लागली आणि वरचे 4 मजले धुराने भरले. सगळे वाचले, पण दोघांना शिडीवरून खिडकीतून उतरवावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच दारापाशी उभा होतो. फरशीवर, दारापासून हातभर अंतरावर, पाचर घासून घासून पडलेला काळपट पट्टा होता. तो वर्षानुवर्षांचा होता आणि माझ्या तपासणीच्या दिवशीही तिथेच होता. मी येणार हे माहीत असल्याने त्या दिवसापुरती पाचर काढली होती, आणि मी दार पाहिलं, फरशी पाहिली नाही. तेव्हापासून मी आधी खाली बघतो. तुमच्या अधिकाऱ्यांनी पाचर ‘नेहमी’ लावली जाते असं लिहिलं आहे, त्यांनीही बहुधा फरशीच वाचली असावी.

आता मागच्या दाराचं कुलूप. चोरीची भीती खरी आहे, ती मी खोडून काढत नाही. पण ‘किल्ली रखवालदाराकडे असते’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर माझा अजिबात विश्वास उरलेला नाही. धुरात रखवालदार सापडत नाही, सापडला तर किल्ली सापडत नाही, किल्ली मिळाली तर कुलूप दिसत नाही. 25 मार्च 1911 रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात 146 कामगार गेले, त्यात बहुतेक तरुण मुली होत्या. नवव्या मजल्यावरचं जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं.

याला उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या संडरलँड गावी व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांचा कार्यक्रम होता. बक्षिसं वाटायला सुरुवात झाली तशी वरच्या गॅलरीतली मुलं जिन्याने खाली धावली. जिन्याच्या पायथ्याचं दार आतल्या बाजूला उघडणारं होतं आणि एका वेळी एकच मूल जाईल इतपत फट ठेवून अडसर लावलेला होता. चेंगराचेंगरीत 183 मुलं गेली. तिथे आग लागलेलीच नव्हती. त्यानंतर आतून नुसतं ढकललं की उघडणारा आडवा दांडा तयार झाला, ज्याला आपण पॅनिक बार म्हणतो. बाहेरून दार बंदच राहतं, आतून कुणीही पोटाने ढकललं तरी उघडतं. त्याला एक छोटा भोंगा जोडून घ्या, म्हणजे रात्री कुणी दार उघडलं तर लगेच कळेल. चोरीची काळजी करणाऱ्यांचंही त्याने समाधान होतं. पॅनिक बार येईपर्यंत मधल्या दिवसांत आतून हाताने फिरणारी साधी कडी ठेवा. कुलूप मात्र एक रात्रही नको.

समोरचं मुख्य दार असताना मागच्या दाराची गरज काय, हाही प्रश्न येईल. घाबरलेला माणूस आला त्याच वाटेने परत पळतो. 2003 मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या द स्टेशन या नाइटक्लबला आग लागली तेव्हा गर्दी पुढच्याच दाराकडे वळली आणि तिथेच अडकली. 100 माणसं गेली. नंतरच्या शास्त्रीय अभ्यासात दिसलं की साधारण 90 सेकंदांत आत जगणं अशक्य झालं होतं. म्हणून दुसरी वाट नुसती असून भागत नाही. ती रोज वापरात, ओळखीची आणि उघडी असावी लागते. कार्यालयातल्या लोकांना आठवड्यातून एकदा मागच्या जिन्याने उतरायला सांगा, पायांना ती वाट माहीत होते.

पंपाचा मुद्दा तांत्रिक दिसतो, पण समजायला सोपा आहे. पाइपांत कायम दाब असतो. स्प्रिंकलर, म्हणजे छतावरचा आगीत आपोआप सुटणारा फवारा, फुटला किंवा हायड्रंटचा, म्हणजे आगीसाठीच्या नळाचा, व्हॉल्व्ह उघडला की दाब पडतो. तो थोडाच पडला तर छोटा जॉकी पंप सुरू होतो, जास्त पडला तर मोठा पंप. हे सगळं पॅनलवरचा खटका ‘ऑटो’वर असेल तरच घडतं. पाइपला कुठेतरी गळती असते, जॉकी पंप सारखा सुरू-बंद होतो, आवाजाला कंटाळून कुणीतरी खटका ‘मॅन्युअल’वर टाकतो आणि तो तसाच राहतो. तेव्हा खटका नुसता फिरवून ठेवू नका. आधी गळती शोधा, नाहीतर आठवड्याभरात खटका परत फिरेल. मग देखभाल करणाऱ्याला समोर उभं करून पाइपातलं पाणी सोडणारा ड्रेन व्हॉल्व्ह उघडायला सांगा. दाबमापकाचा काटा खाली येताना तुम्ही स्वतः पाहा आणि कुणी हात न लावता पंप सुरू होतो का ते पाहा. डिझेल पंप असेल तर बॅटरीही बघा. न सुरू होणाऱ्या पंपांत बॅटरीनेच मला सगळ्यात जास्त वेळा दगा दिलेला आहे.

रंग लागलेले स्प्रिंकलर समितीने ‘किरकोळ’ यादीत टाकले आहेत, तेही तिथून काढा. स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची बारीक नळी असते, आत रंगीत द्रव. लाल द्रव म्हणजे साधारण 68 अंश सेल्सिअसला नळी फुटणार आणि पाणी सुटणार. छताला रंग देताना त्या नळीवर ब्रश फिरला तर उष्णता उशिरा पोचते, कधी झाकणच चिकटून बसतं. रंग खरवडून काढायचा नसतो, तो स्प्रिंकलरच बदलायचा असतो. खालच्या दुकानांत माल छतापर्यंत रचला आहे असंही नोटिशीत आहे. स्प्रिंकलरच्या खाली 45 सेंटिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर पाण्याची छत्री उघडतच नाही. पडद्यावर दिसतं तसे सगळे स्प्रिंकलर एकदम सुटत नाहीत, जो तापतो तोच सुटतो. पाण्याने माल भिजेल म्हणून व्हॉल्व्ह बंद ठेवणाऱ्या दुकानदाराला हे जरूर सांगा.

अलार्मच्या पॅनलवर पिवळा दिवा आणि चिकटपट्टी लावून गप्प केलेला भोंगा, हे 2 मुद्दे देखभाल कंत्राटदाराकडे द्या आणि तारीख लिहून घ्या. सिलिंडर भरून आणा. दिशादर्शक पाट्यांचे दिवे बदला. यांवर मी जास्त लिहीत नाही, ही कामं सरळ आहेत.

आता समितीचे दोन युक्तिवाद. ‘इमारत जुन्या नियमांची आहे’ यात थोडं तथ्य आहे. जिन्याची रुंदी, जिन्यांची संख्या अशा बांधकामाच्या गोष्टींत अनेक ठिकाणचे नियम जुन्या इमारतीला सवलत देतात. पण कुलूप, पाचर, साठवण, बंद पंप यांचा बांधकामाच्या वयाशी संबंध नाही. हा सगळा वापराचा आणि देखभालीचा भाग आहे, आणि तो आजच्या तारखेला तपासला जातो. शिवाय त्या सवलतीची किंमत काय असते ते 1 डिसेंबर 1958 रोजी शिकागोत दिसलं. अवर लेडी ऑफ द एंजल्स शाळेची इमारत नव्या नियमांतून जुनी म्हणून सुटलेली होती. आगीच्या काही आठवडे आधीच ती तपासणीत उत्तीर्णही झाली होती. वरच्या मजल्यावर जिन्याला दार नव्हतं. धूर आणि ज्वाळा जिन्यातून सरळ वर्गांबाहेरच्या बोळात आल्या. 92 मुलं आणि 3 शिक्षिका गेल्या. कागदावर सगळं नियमात होतं.

मधल्या मजल्यांबद्दलही एक प्रश्न स्वतःला विचारा. तुम्ही लिहिलं आहे की तिथल्या एका कार्यालयात आता शिकवणीचे वर्ग चालतात. कार्यालयासाठी माणशी साधारण 10 चौरस मीटर किंवा जास्त जागा धरतात. त्याच जागेत बाकं किंवा खुर्च्या मांडल्या की माणशी 1 ते 2 चौरस मीटर. म्हणजे भिंत एकही हलली नाही, तरी आतली माणसं पाचपट किंवा त्याहून जास्त झाली. वापर बदलला की जुनी मंजुरी त्या भागापुरती कामी येत नाही. पन्नास किंवा जास्त माणसं जमणाऱ्या खोलीचं दार बाहेरच्या दिशेने उघडलं पाहिजे असं बऱ्याच नियमावल्या सांगतात. हा मुद्दा नोटिशीत नाही, पण फेरतपासणीत येऊ शकतो. वर्ग चालवणाऱ्यांशी आताच बोला.

‘मागच्या वेळी काही निघालं नव्हतं’ हा युक्तिवाद मात्र अजिबात टिकत नाही. 28 नोव्हेंबर 1942 रोजी बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह क्लबमध्ये 492 माणसं गेली. मुख्य वाटेवर फिरतं दार होतं, दुसरी दारं बंद होती. त्याच्या 8 दिवस आधी अग्निशमन दलाने तपासणी करून स्थिती चांगली असल्याचा अहवाल दिला होता. द स्टेशन क्लबचीही आगीआधी तपासणी झाली होती. भिंतींवरचा जो फोम पेटला त्यावर आक्षेप घेतला गेला नव्हता. मागच्या अधिकाऱ्याच्या नजरेतून काही सुटलं असेल, किंवा 3 वर्षांत पाचर आली असेल. दोन्ही शक्य आहे, आणि दोन्हींपैकी काहीही असलं तरी आज दार उघडं आहे.

इमारत बंद करता येते का? हो. नियमांचे तपशील ठिकाणाप्रमाणे बदलतात, पण गाभा सगळीकडे सारखा आहे. जबाबदारी मालकाची आणि वापरणाऱ्याची. अधिकारी त्रुटी, तिची जागा, उपाय आणि मुदत लिहून देतो. मुदत संपली की फेरतपासणी, मग आदेश, दंड किंवा खटला. आणि जिथे माणसांच्या जिवाला तत्काळ धोका आहे तिथे तो भाग त्याच दिवशी रिकामा करता येतो. मी ते काही वेळा केलं आहे. एका सभागृहाची बाहेर पडण्याची दोन्ही दारं साखळीने बांधलेली होती आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाला लोक यायला लागले होते. साखळ्या कापून होईपर्यंत मी कुणालाही आत सोडलं नाही. यजमान खूप चिडले होते. तुमच्या बाबतीत 30 दिवस दिले आहेत, म्हणजे अधिकाऱ्यांना तुम्ही काम कराल असं वाटलं आहे.

ती मुदत नीट वापरा. शेवटच्या दिवशी ‘सर्व पूर्तता केली’ असं एका ओळीचं पत्र देऊ नका. पहिल्याच आठवड्यात पाचर, कुलूप आणि खोके या 3 मुद्द्यांचा पूर्तता अहवाल द्या: मुद्दा क्रमांक, मजला, तारीख, आधीचा आणि नंतरचा फोटो. जी कामं 30 दिवसांत होणारच नाहीत, उदाहरणार्थ पाइपलाइनची मोठी दुरुस्ती, त्यांच्यासाठी कामाचा आदेश आणि वेळापत्रक जोडून मुदतवाढ मागा, आणि मधल्या काळात काय करणार तेही लिहा. दुरुस्तीसाठी यंत्रणा बंद ठेवावी लागली तर फायर वॉच नेमा. म्हणजे एक माणूस, ज्याला दुसरं काही काम नाही, ठरलेल्या वेळाने सगळे मजले फिरतो आणि वहीत वेळ लिहितो. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या नियमावल्यांत 24 तासांत 4 तासांहून जास्त अलार्म बंद राहिला किंवा 10 तासांहून जास्त स्प्रिंकलर बंद राहिले तर हे करावंच लागतं, नाहीतर इमारत रिकामी करावी लागते. तुमच्याकडचा नियम वेगळा असला तरी ही मोजपट्टी धरून चाला. असा अर्ज समोर आला की मुदतवाढ नाकारावीशी मला क्वचितच वाटली. अर्जच नाही आणि फेरतपासणीला पाचर तिथेच, अशा ठिकाणी मी एकही दिवस वाढवला नाही.

राहिला 12वा मुद्दा, जो तुम्ही प्रश्नात शेवटी आणि जरा संकोचाने लिहिला आहे: वरच्या 4 घरांनी आपली मूळ दारं बदलून नक्षीची लाकडी दारं बसवली आहेत, आणि शेजाऱ्यांशी वाद नको म्हणून समितीला तो मुद्दा सोडून द्यायचा आहे. सोडू नका. घराचं दार ही घरातली आग बोळात येऊ न देणारी पहिली भिंत असते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच राहत्या इमारतीत 14 जून 2017 च्या आगीत 72 माणसं गेली. बाहेरच्या आवरणाची चर्चा सगळ्यांनी ऐकली, पण चौकशीत हेही पुढे आलं की अनेक घरांची दारं आपोआप बंद होत नव्हती आणि त्यातून धूर बोळांत आला. त्यानंतर इंग्लंडमध्ये 11 मीटरहून उंच राहत्या इमारतींत सामाईक दारं दर 3 महिन्यांनी आणि घरांची दारं वर्षातून एकदा तपासण्याचा नियम झाला.

त्या 4 घरांत आधी दाराच्या बिजागरीच्या बाजूची कड बघा. आग किती वेळ रोखेल याची छोटी पट्टी तिथे किंवा वरच्या कडेला असते. पट्टी असेल तर फक्त क्लोजर बसवून भागेल, नसेल तर दार बदलावं लागेल. आणि नोटिशीची प्रत घेऊन एकटे त्यांच्या दारात उभे राहू नका. फेरतपासणीच्या दिवशी अधिकाऱ्यांना तुमच्याबरोबर त्या 4 घरांत यायची विनंती करा. ही विनंती लेखी आणि 2-3 दिवस आधी करा. मला अशी विनंती आली की मी जात असे, आणि दार सोडून दाखवलं की बहुतेक घरं ऐकत.